घोरणारं घर

४ मे

नकट्या,

अनेक आशीर्वाद. ‘चिरंजीव’ लिहिलं नाही म्हणून रुसू नकोस. टक्कल पडलेल्या माणसाला चिरंजीव म्हणताना माझंच मला हसू येतं.

फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हो’, ‘बरं’ आणि ‘बघतो’ यापलीकडे बोलत नाहीस. मागच्या वेळी मी इकडे मन मोकळं करत होते आणि तू तिकडे मांजराला टाके घालत होतास. पत्राला निदान चार ओळींचं उत्तर द्यावं लागतं.

आज पेपरात वाचलं. नकट्या कुत्र्यांची पैदास बंद करायचा कायदा येतोय म्हणे. साफ बंदी घालायची की नुसते नियम लावायचे, हे ठरवायला समिती बसलीय, आणि जनावरांच्या डॉक्टरांना साक्षीला बोलावणार आहेत. त्यांत तुझं नाव! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आधी छाती फुगली, मग ‘बंदी’ या शब्दावर नजर अडकली.

अरे, बंदी आली तर मी काय करू? पिल्लं विकायची म्हणून आईने नकट्यांची पहिली जोडी आणली तेव्हा तू रांगत होतास. पिल्लांच्या टोपलीला टेकून झोपायचास आणि असा घोरायचास की आई म्हणायची, टोपलीतलं कोण आणि गादीवरचं कोण, काही कळत नाही. तुझं नाव नकट्या पडलं ते त्यातूनच, नाहीतर तुझं नाक काही वाईट नाही. आता आई नाही, तू नाहीस. राहिले मी आणि ही घोरणारी फौज. दिवसभर घर भरल्यासारखं वाटतं ते यांच्यामुळेच.

नियम करा ना, कोण नको म्हणतंय? मादीला दोन वेतांमध्ये विसावा हवा, खोलीला खिडकी हवी, कोणीही कधीही येऊन बघावं. माझं दार उघडं आहे. पण बंदी? उंदीर झाले म्हणून घर पेटवायचं का? आणि बंदी घातल्यावर माझ्यासारखी बाई गप्प बसेल, पण तळघरात पिंजरे मांडून बसलेले ते लोक थोडेच थांबणार आहेत? तिथे तर कोणी पिल्लांची दुधाची बाटलीसुद्धा उकळत नाही. तू समितीला एवढं सांगितलंस तरी पुरे.

ठमी गाभण आहे. तिची पेटी तुझ्याच खोलीत, तुझ्या पलंगाखाली ठेवलीय. आई गेल्यावर एकदाच आलास. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तू अंगणातल्या बाकावर आडवा. खोलीत उकडत होतं म्हणालास आणि दुपारी निघूनही गेलास. आता त्या खोलीत पंखा बसवलाय बरं का. मोठा. सबब चालायची नाही.

तुझी,
ताई


१५ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र माझ्या आधी अख्ख्या दवाखान्याने बघितलं, कारण पाकिटावर तू ‘नकट्या डॉक्टर’ असं ठसठशीत लिहिलं आहेस. कंपाउंडर आता माझ्याशी बोलताना छताकडे बघतो.

साक्षीला बोलावलंय हे खरं. तारीख ऑगस्टमधली आहे. तू काळजी करू नकोस. ज्यांच्या टोपलीला टेकून मी वाढलो, त्यांचं वाईट होईल असं काही माझ्या तोंडून निघणार नाही.

माझं काम आता बरंचसं नकट्यांचंच झालंय. नाकपुड्या रुंद करायच्या, घशात लोंबणारा टाळूचा भाग कापायचा. काल एक आणला होता, दोन वर्षांचा. भूल उतरली आणि पहिल्यांदाच त्याने नाकाने नीट श्वास घेतला. मग मान वर करून नुसता बसून राहिला. मालकीणबाई शाळेत शिकवतात. त्या घाबरल्या. “डॉक्टर, हा असा गप्प का? याला काही झालं का?” मी म्हटलं, “बाई, काही झालेलं नाही. त्याला पोटभर हवा मिळतेय.” त्या रडायला लागल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला नीट कळलं नाही.

येण्याचं म्हणशील, तर सध्या काम फार आहे. पण घराची आठवण येते ताई. मधल्या बोळातली ओली फरशी, गॅसवर उकळणाऱ्या दुधाच्या बाटल्या, तू पिल्लांना पुसताना करायचीस ती बडबड. इथे कोणी बाटल्या उकळायला ठेवल्या की मी हातातलं काम टाकून त्या वासात उभा राहतो. कंपाउंडरला वाटतं, मी त्याच्यावर लक्ष ठेवायला आलोय.

ठमीला जप. उन्हात नेऊ नकोस.

तुझा,
नकट्या


२२ जून

माझ्या गुणी भावा,

जीव भांड्यात पडला! तू असंच म्हणणार हे मला माहीत होतं, पण तुझ्या अक्षरात वाचल्यावर बरं वाटलं. आमच्या पिल्लंवाल्यांच्या संघटनेची सभा आपल्याच घरी होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “माझा सख्खा भाऊ साक्षीला आहे. त्यांचं वाईट होईल असं तो बोलणार नाही. हे बघा पत्र.” अध्यक्षांनी, तोच तो सोन्याच्या दाताचा, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आजवर माझ्या चहाला कोणी बरं म्हटलं नव्हतं, त्या दिवशी दोनदा मागितला.

आता घरची बातमी. ठमी व्याली. नेहमीप्रमाणे पोट कापूनच. आपल्याकडे डोकी एवढी मोठी, दुसरं काय होणार. चार पिल्लं झाली. तीन अशी गोल, जणू कोणी दारावर थोबाड आपटून आणलीयत. आणि चौथी? काय सांगू, मेलीला नाक आहे!

हसतोस काय? चांगलं बोटभर नाक. आधी वाटलं सूज असेल. पण दिवसेंदिवस वाढतंय. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं ते लांबोडकं कुत्रं भिंतीवरून उडी मारून येतं, त्याचाच हा उपद्व्याप. शिंप्याकडे गेले भांडायला. तो मशीन न थांबवता म्हणतो, “ताई, सोयरीक तर झालीच, आता मानपान कसला?” असला निर्लज्ज माणूस! पण मला तरी सांग, एकाच वेतात दोन बाप असं कसं असेल?

तिचं नाव नाकाडी ठेवलंय. स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपामागे लपवते तिला. गिऱ्हाइकांनी बघितलं तर आईपासून चालत आलेल्या वंशाला बट्टा लागेल.

तिची एक गंमत सांगते. परवा दुपारी चौघं ओळीने झोपली होती. मी शेजारी शेंगा सोलत बसलेले. तिघांचं आपलं घर्र घर्र चालू. हिचा आवाजच नाही. मेली म्हटलं ही! उचलली, पालथी धरली, टॉवेलने खसाखसा पुसली, नाकात फुंकर घातली, काय काय केलं. शेवटी बाईसाहेबांनी डोळे उघडले, जांभई दिली आणि माझं बोट चावलं. अरे, ती नुसती झोपली होती! कुत्रं आवाज न करता झोपतं हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं. कितीतरी वेळ एकटीच हसत होते.

तू असतास तर दोघं हसलो असतो. कधी येतोस? पंखा तसाच फिरतोय.

ताई


३ जुलै

ती. ताईस,

नमस्कार.

एका वेतात दोन बाप असू शकतात. शिंप्याशी भांडू नकोस.

तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं. तू हसायला लिहिलंस, पण मला हसता येईना. निरोगी पिल्लू शांत झोपलं होतं आणि तुला ते मेलेलं वाटलं. ताई, तुझ्यासारखी जाणती बाई. पिल्लाच्या डोळ्यांवरून त्याचं दुखणं ओळखणारी. तुझ्याही कानाला आता घुसमट म्हणजेच जिवंत असणं वाटायला लागलंय.

मागच्या पत्रात मी गोल गोल लिहिलं, कारण स्पष्ट लिहायचा धीर नव्हता. तू ते सभेत वाचून दाखवशील असं वाटलं नव्हतं. आता सरळ लिहितो. मी बंदी घालावी असंच सांगणार आहे.

नियमांचं तू लिहिलंस ते मला पटावं असं फार वाटत होतं. रात्रंदिवस त्यावरच विचार केला. खिडकी, विसावा, तपासणी, सगळं योग्यच आहे. पण हे सगळं तुझ्याकडे आजही आहे ना? तुझ्याइतकी माया, तुझ्याइतकी स्वच्छता कुणाकडे नाही. तरी तुझ्याकडून गेलेली पिल्लं माझ्या टेबलावर येतात. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याला तू बांधतेस ती लाल दोऱ्याची गाठ मी ओळखतो. सगळ्यात चांगल्या हातातूनही जर ती अशीच जन्मणार असतील, तर नियम कुणाला सुधारणार? ठमीचं पोट ‘नेहमीप्रमाणे’ कापलं असं तू लिहिलंस, ताई. नेहमीप्रमाणे.

तळघरवाल्यांचं तुझं म्हणणं मात्र खरं आहे. तेही मी समितीला सांगेन.

आणि आई गेल्यावर आलो होतो, त्या रात्री मला उकडत नव्हतं. मी त्या खोलीत पडलो होतो आणि सगळीकडून घोरणं ऐकू येत होतं. लहानपणी मला त्याशिवाय झोप लागायची नाही. आता प्रत्येक घोरण्यात मला कोणीतरी हवा मागतंय असं ऐकू येतं. कान झाकून पडलो, तेही जमेना. म्हणून बाकावर गेलो. तुला काय सांगणार होतो? तू सकाळी चहा घेऊन आलीस आणि उकडतंय का रे म्हणालीस, मी हो म्हटलं.

मला घरी यायचंय ताई. काम वगैरे काही नाही. घर आठवलं की जीव कासावीस होतो आणि यायचं म्हटलं की पाऊल उचलत नाही.

नकट्या


११ जुलै

डॉक्टरसाहेब,

आपलं पत्र पोचलं.

चारचौघांत मी आपलं पत्र मिरवलं, ती चूक माझी. आता अध्यक्षांकडे जाऊन काय सांगायचं ते माझं मी बघते. घरचा भेदी म्हणतात तो कसा असतो, हे ऐकून होते. आता बघितलं.

आईने एकेका पिल्लाला बोटाने दूध पाजलं. आपली फी, आपली पुस्तकं, आपला पांढरा डगला, सगळं त्याच टोपलीतून निघालं. मी हात पसरत नाही, आठवण करून देतेय.

आपली खोली रंगवून घेतेय. पलंग काढून टाकणार आहे. पिल्लांना जागा कमी पडते.

ठमी बरी आहे, हे आपल्याला विचारायचं असेल तर.

— आपली कोणी नाही


२० ऑगस्ट

ताई,

काल साक्ष झाली. पेपरात येईल त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

मोठी खोली होती, खुर्च्या करकरणाऱ्या. मला वाटलं होतं मी ठणकावून बोलेन. पण हातातला कागद बघत बघतच बोललो. नाकपुड्यांची चित्रं दाखवली, ऑपरेशनं सांगितली, बंदी हवी म्हणालो. तळघरवाल्यांचंही सांगितलं, की आधी त्यांच्यामागे लागा, नाहीतर चांगली माणसं घरी बसतील आणि वाईट माणसं मोकाट सुटतील. एक सभासद चिडून म्हणाला, “डॉक्टर, या लोकांना जनावरांची दयामाया नसतेच, नाही का?”

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, “माझी मोठी बहीण हेच करते. तिने मला वाढवलं. रात्र रात्र जागून मेलेल्या पिल्लात जीव फुंकताना मी तिला पाहिलंय. दयामायेचं तुम्ही बोलू नका.” समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “मग तिचा धंदा बंद व्हावा असं तुम्हाला वाटतं?” मी हो म्हटलं. मग चित्रं गोळा केली आणि खाली बसलो.

निर्णय व्हायला वेळ लागेल. तुझ्या पत्राची वाट बघतोय.

नकट्या


२७ सप्टेंबर

ताई,

चार ओळीही नकोत. शिव्या दिल्यास तरी चालेल. फोन लावला तर तू उचलत नाहीस, नाहीतर उचलून ठेवून देतेस.

निदान एवढं कळव, नाकाडी आहे ना?

नकट्या


१४ ऑक्टोबर

नकट्या,

नाकाडी आहे. चांगली घोड्यासारखी झालीय. माझ्या चपलेचा एक अंगठा, उशीचा एक कोपरा आणि शिंप्याची अख्खी टेप तिच्या पोटात आहे. शिंपी म्हणतो, “ताई, नात आजोळी वाढतेय म्हणून सोडून देतो.” माझ्या घराला तिचं आजोळ म्हणतो तो! आता रोज त्याच्याकडे दोन मिनिटं थांबतो आम्ही.

ही चालते किती रे! थेट रस्त्याच्या टोकापर्यंत जाते, वळून माझ्याकडे बघते, की ही म्हातारी मागे का राहिली. ठमीला मी कोपऱ्यापर्यंत चालवून नेत असे आणि परत येताना कडेवर घ्यावं लागे. मला वाटायचं लाडावलीय.

ठमी गेली.

महिना झाला असेल. लिहायचं म्हणून बसायचे आणि उठायचे. या वर्षी उकाडा हटतच नव्हता. दुपारची वेळ. ठमी कोचाजवळ फरशीवर पसरलेली, नाकाडी माझ्या पायाशी. मी पेपर वाचत होते. ठमीचं घोरणं थांबलं. पूर्वीची मी असते तर ताडकन उठले असते. पण नाकाडीमुळे कानाला शांततेची सवय झाली होती ना. मला वाटलं, आज हिलाही लागली बाई निवांत झोप. बरं वाटलं रे मला. पंखा तिच्याकडे वळवला आणि पेपराचं पान उलटलं. चहाच्या वेळेला हाक मारली.

तुझ्यावर इतकी चिडले त्या दिवशी. तू ते घुसमटीचं पत्र लिहिलं नसतंस तर मी उठले असते, असं शिंप्याला ओरडून सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने मशीन थांबवलं आणि स्टूल पुढे केलं. मग बसून रडले. ठमीला त्यानेच अंगणात खड्डा खणून दिला, तुझ्या त्या बाकाजवळ.

अध्यक्ष येऊन गेले. त्यांना माझा नर हवा होता, त्यांच्या मादीला लावायला. म्हटलं, देणार नाही. ते म्हणाले, “ताई, अजून कायदा आलेला नाही.” म्हटलं, “कायद्याला सांगा सावकाश ये, ताई पुढे गेली.” दात चमकवत आले होते, तोंड मिटून गेले.

तुझं खरं होतं असं मी लिहिणार नाही, वाट बघू नकोस. आईने वाईट केलं असंही मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर त्याचं तोंड बघणार नाही. तळघरवाल्यांचं काय करायचं ते तुमच्या त्या करकरणाऱ्या खुर्च्यांना सुचू दे. माझ्याकडे आता नकट्यांतले फक्त म्हातारे तिघं राहिलेत. ठमीची तिन्ही पिल्लं गिऱ्हाइकांकडे गेली. जाताना त्यांच्या पट्ट्याला गाठ बांधली, तुझ्याकडे आली तर ओळख.

तू समितीत माझ्याबद्दल बोललास ते पेपरात आलं होतं. शिंप्याने कापून आणून दिलं. मी ते आईच्या फोटोमागे ठेवलंय. एवढंच सांगायचं होतं.

घर फार मोठं झालंय रे. तिघं म्हातारे घोरतात, तेव्हा आता मलाही तुझ्यासारखंच ऐकू येतं. त्यांचं घोरणं थांबलं की उठून बघते. चालू असलं तरी उठून बघते. नाकाडीजवळ जाऊन हात ठेवते, पोट वरखाली होत असतं, मग परत येते. माझी झोप पार उडालीय.

खोली रंगवली नाही. पलंगही तिथेच आहे. उगीच लिहिलं होतं.

म्हाताऱ्यांना मी माझ्या खोलीत घेते, दार लावून घेते, तुला ऐकू येणार नाही. तू ये आणि तुझ्या पलंगावर झोप. डाव्या कुशीवर झोपलास की तू फार घोरतोस, आई सांगायची. तसाच झोप. या घरात एकाचं तरी घोरणं असं असू दे, की ते ऐकता ऐकता मला झोप लागेल.

तुझी,
ताई